अहो-जाहो करणारी पोर

टाचणीबाईंना आता सुईत दोरा ओवता येत नाही, पण जुन्या दिवसांचा दोरा मात्र न चाचपडता सापडतो. चहा निवत ठेवून त्या खिडकीत बसल्या, की ते दोन खोल्यांचं घर आठवतं आणि जीव हळवा होतो. किती छान दिवस होते, असं त्या म्हणतात. तेव्हा रोज रडकुंडीला यायच्या, हे आपण बोलायचं नाही.

शिवताना ओठांत टाचण्या धरायची सवय, म्हणून हे नाव. छापखान्यात काम करणाऱ्या एका विधुराशी त्यांनी जरा उशिराच लग्न केलं. टाचण्यांमुळे बायको फार बोलणार नाही, असा त्याचा अंदाज असावा. तो साफ चुकला. त्याची एक मुलगी होती, नुकती शाळेत रुळलेली. पोर गुणी. हट्ट नाही, उलट उत्तर नाही. "तुम्ही जेवलात का?" "अहो, माझी वेणी घालता का?" शेजारणी म्हणायच्या, "काय वळण आहे बाई पोरीला!" टाचणीबाई मात्र ते ऐकून धास्तावायच्या. अहो-जाहो पाहुण्यांना करतात, आणि पाहुणे कधीतरी आपल्या घरी जातात. पोरीने एकदा तरी "अगं" म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते मागून मिळण्यातलं नव्हतं, म्हणून त्या लाड करत राहिल्या आणि लाडापायीच घोळ घालून बसल्या.

पोरीचा एक निळा फ्रॉक होता, तिच्या आईने शिवलेला. आखूड झाला तरी ती तोच घालायची. टाचणीबाईंनी घेर उलटून पाहिला, तर आत भरपूर माया सोडलेली. शिलाईच्या आत राखलेल्या जादा कापडाला शिवणकामात मायाच म्हणतात. त्यांनी जुने टाके उसवले, फ्रॉक चांगला चार बोटं लांब केला, इस्त्री करून पलंगावर ठेवला आणि कौतुकाची वाट बघत बसल्या. "छान केलंत," पोर म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिची अन्नावरची वासनाच उडाली.

शाळेने कुटुंबाचं समुपदेशन करणाऱ्या एका ताईंचं नाव सुचवलं. नवरा कुरकुरला, "आपल्या घरात साधं भांडण नाही. तिथे जाऊन सांगायचं काय?"

"तेच सांगू," टाचणीबाई म्हणाल्या.

ताईंच्या खोलीत नियम एकच होता, दुसऱ्याच्या वतीने बोलायचं नाही. नवऱ्याची तर बोलतीच बंद झाली. सुरुवातीच्या भेटी इकडच्या तिकडच्या गप्पांत गेल्या आणि ताईंनीही घाई केली नाही. मग एकदा त्यांनी सहज विचारलं, "जेवावंसं कधीपासून वाटत नाही गं?"

"फ्रॉकपासून."

"काय झालं फ्रॉकचं?"

पोर टाचणीबाईंकडे वळली आणि एकदम फुटली. "ते टाके आईचे होते! तू ते उसवलेस! तू माझी आई नाहीस!"

"आधी माफी माग!" नवरा ताडकन उठला. ताईंनी हातानेच त्याला बसवलं. "बोलू दे तिला."

पोरीने तोंडावर हात ठेवला होता. "मी तुम्हाला तू म्हणाले," ती हुंदके देत म्हणाली. "ते आईला म्हणायचं असतं. तुम्हाला दिलं तर तिला काय उरेल?"

टाचणीबाई थक्क झाल्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं, पोरीला आपण आवडत नाही. "नाहीच मी तुझी आई," त्या म्हणाल्या. "न विचारता टाके उसवले, चुकलं माझं. पण फ्रॉक वाढला तो तिच्यामुळे. तू मोठी होणार हे धरून तिनेच आत माया ठेवली होती."

पोरीचे हुंदके ओसरले. मग ताईंनी विचारलं, "मग आता या 'तू'चं काय करायचं?"

पोरीने नाक पुसलं, विचार केला. "राग आला तरच म्हणेन."

"चालेल मला," टाचणीबाई म्हणाल्या. आणखी काही ठरलं नाही.

त्या संध्याकाळी पोर पोटभर जेवली. मग टाचणीबाईंच्या समोर येऊन उभी राहिली, कपाळाला आठ्या घातल्या, जमतील तेवढे डोळे वटारले आणि ओरडली, "अगं, तू माझा कंगवा कुठे ठेवलास?"

कंगवा तिच्या हातातच होता.