बाजारच्या दिवसाची बँक

नवा जिल्हा झाला त्या वर्षी पाऊस नव्हता आणि आमच्या कार्यालयात खुर्च्याही नव्हत्या. लातूरला भाड्याच्या एका इमारतीत सतरंजीवर बसून आम्ही शासन चालवत होतो. मी नांदेडची, सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर आलेली कारकून. माझ्याकडे आलेलं काम म्हणजे जिल्ह्यात पैशाचा व्यवहार करणाऱ्या संस्थांची गाववार यादी. बँका, सहकारी संस्था, पोस्ट, विमा. ज्या गावापुढे बँकेच्या रकान्यात ‘नाही’ असेल, त्याच गावाचा नव्या शाखेसाठी विचार होणार होता.

“जुन्या जिल्ह्याची यादी आहे,” साहेब म्हणाले. “आपले तालुके वेगळे काढा, टाइप करा, शुक्रवारी द्या.”

मला याद्या आवडतात. आजही किराण्यापासून प्रवासापर्यंत माझ्या याद्या असतात, आणि त्या खऱ्या असतात. डब्यावर ‘साखर’ लिहिलं म्हणून आत साखर असते, असं मी मानत नाही. उतरवून घेताना उदगीरच्या पुढच्या एका गावापाशी हात थांबला. बँक : आहे. ते माझ्या मावशीचं गाव. तिथं बँक नव्हती.

म्हणजे पूर्वी होती, आठवड्यातून तीन तास. बाजारच्या दिवशी उदगीरहून एक अधिकारी जीपमधून यायचा आणि चावडीशेजारच्या खोलीत टेबल मांडायचा. दुष्काळात जनावरं विकली गेली, भाजीपाला संपला, बाजार भरेनासा झाला. बाजार नाही म्हणून जीपही नाही. खोलीवरची पाटी तेवढी राहिली, आणि पाटी राहिली म्हणून यादीतलं ‘आहे’ही राहिलं.

मावशी एकटी राहायची. तिच्याकडे पंधरा बायांची भिशी होती, सगळ्या रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या. आठवड्याला थोडे पैसे टाकायचे, अडीनडीला एकमेकींना द्यायचे, उरलेले दिवाळीला वाटून घ्यायचे. ते सगळं मावशीच्या पत्र्याच्या पेटीत, कुडाच्या घरात. उदगीरच्या बँकेत जायचं तर एक रोज बुडायचा. त्यात त्या वर्षी चोऱ्या वाढलेल्या. शेजारच्या वस्तीवर दोन घरं फुटली होती. “माय, टोपलं डोक्यावर असतंय अन् जीव घरी,” ती म्हणायची. तिला बँक हवी होती ती एवढ्यासाठी.

मी ‘आहे’वर काट मारून ‘नाही’ लिहिलं. शेजारी नवा रकाना आखला आणि त्यात लिहिलं : सोनाराकडे गहाण, उदगीरच्या आडत्याकडे ठेव, विम्याचं काम शाळेतल्या गुरुजींकडे, बायकांची भिशी एक.

खाडाखोड केली की शेजारी अधिकाऱ्याची सही लागे. साहेबांनी ती केली नाही.

“अहो बाई, हा कसला रकाना? देशाच्या वित्तव्यवस्थेत भिशी नसते.”

“माझ्या मावशीच्या घरात आहे, सर. आणि तिचं घर देशातच आहे.”

“तुमची नेमणूक किती महिन्यांची?”

“सहा. चार झाले.”

“मग उरलेले दोन जपून काढा.”

मी जागेवर गेले आणि खाडाखोडीवर स्वतःच सही ठोकली, पूर्ण नावानं. तात्पुरत्या कारकुनाला तो अधिकार नसतो हे मला चांगलं माहीत होतं. संध्याकाळच्या आत मेमो आला. मी उत्तरात एकच वाक्य लिहिलं : गाव समक्ष पाहावे.

साहेब चिडून आले, पण आले. हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. बाजारचा वार होता. मैदानात एक कुत्रं झोपलं होतं. खोलीच्या कुलपावर कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. मावशी कामावर खाडा करून थांबली होती.

“बँक कधी येते, बाई?” साहेबांनी विचारलं.

“बाजार उठला, बँक उठली. वांगेवाली बी बाजारातलीच हाय, साहेब. पर बाजार बंद झाल्यावर ती दारावर येती, वांगी घेता का इचारती. तुमच्या बँकेनं काय आमचं दार इचारलं न्हाई.”

“पण बँकेत ठेवण्याइतके पैसे आहेत का तुमच्याकडे?”

“चोराला पुरत्येत. तुम्हाला पुरत न्हाईत व्हय?”

जीपचा ड्रायव्हर हसला. साहेब हसले नाहीत. परतताना उदगीरला चहा घेताना त्यांनी यादी मागितली, ‘नाही’शेजारी माझ्या सहीच्या वर स्वतःची सही केली आणि म्हणाले, “तो नवा रकाना मात्र पुढे जाणार नाही.”

गेला नाही. माझ्या प्रतीत तो आहे. आता वर्तमानपत्रात देशाच्या वित्तक्षेत्राचं गोल चित्र छापून येतं, इतका वाटा बँकांचा, इतका विम्याचा, इतका म्युच्युअल फंडांचा. ते चित्र मी नीट बघते आणि त्याच्या कडेला पेन्सिलीनं लिहिते : भिशी राहिली.

दोन महिन्यांनी नेमणूक संपली ती वाढली नाही. कारण दिलं, कामात शिस्त नाही. माझ्या! पुढे मुदखेडला पोस्टात लागले आणि एक दिवस मावशीचा निरोप आला, गावात शाखा उघडलीय, आठवड्याचे सहा दिवस चालणारी. मी रजा काढून गेले.

पंधराही बाया शाळेच्या खोलीतल्या त्या शाखेत उभ्या होत्या. नवे मॅनेजर म्हणाले, “भिशीच्या नावानं खातं निघत नाही. एकीच्या नावावर काढा.”

“एकीचं न्हाई त्ये,” मावशी म्हणाली. “पंधराजणींचं हाय.”

“मग पंधरा अर्ज भरावे लागतील.”

“मग भरा की. आम्ही बसतो.”

आणि त्या खाली बसल्या. मी अर्ज भरत गेले, त्या अंगठे उठवत गेल्या. शाखा बंद व्हायच्या वेळेला पंधरा पासबुकं तयार होती. मॅनेजर दमून पण बऱ्या मनानं म्हणाले, “मावशी, आता बँक आली. ती भिशी बंद करा.”

“का म्हणून? तुमची बदली होईल, साहेब. मग कुणाची चूल पेटली न्हाई, त्ये कोण बघायचं?”

पैसे बँकेत राहिले. पुढच्या सोमवारी भिशी नेहमीसारखी भरली.