कादरभाईंची मापं

डोणगावचे कादरभाई टेलर मापं लिहून ठेवत नसत. एकदा टेप लावला की माप डोक्यात बसायचं. पुढच्या वेळी गिऱ्हाईक नुसतं कापड टाकून जायचं. पण पन्नाशी ओलांडल्यावर एकदा त्यांनी जुने गिऱ्हाईक शेषराव यांचा सदरा शेषरावांच्या धाकट्या भावाच्या मापाने कापला आणि कादरभाई हादरले. डोकंच असं दगा देऊ लागलं, तर दुकान चालायचं कसं?

डॉक्टरांनी कादरभाईंच्याच गळ्यातला टेप घेऊन त्यांच्या पोटाला लावला. "वजन वाढलंय, बीपी आणि शुगरही. याचा त्रास मेंदूच्या नसांनाही होतो, कादरभाई. पण अजून वेळ गेलेली नाही."

गोळ्या सुरू झाल्या. नूरजहांने नवऱ्याचा गोड चहा आणि शेव बंद केली, आणि रोज सकाळी ती त्यांना सोबत चालायला नेऊ लागली.

वर्षभराने शेषराव कापड घेऊन आले. कादरभाईंनी गळा, छाती, बाही न अडखळता सांगितली. शेषरावांनी मुद्दाम टेप लावायला लावला. सगळं बरोबर निघालं.

"मंग तुह्या पॅन्टचं माप काऊन चुकलं बे? नाडीनं बांधून राह्यला!"

"हाव भाऊ, हे माप नव्यानं घ्या लागते," म्हणत कादरभाईंनी हसून टेप स्वतःच्या कमरेला लावला.