लिलाबाई पिल्लू पाहायला जातात

आसेगाव आणि आसपासच्या सात गावांत लिलाबाई पडघान यांना कोणी नावानं हाक मारत नसे. त्या ‘सिस्टर’. चौतीस वर्षं त्यांनी उपकेंद्रात नोकरी केली, बाळंतपणं केली, हजारो पोरांना लसी टोचल्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोपाची शाल त्यांनी खुंटीला अडकवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, “आता मले कुत्रं पायजे.”

पुंजाजी चहा पीत होते. “गल्लीत दहा हायेत. कोनतंबी आन.”

“मले करवानी पायजे.”

नोकरीच्या पहिल्या वर्षी मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर लस द्यायला गेल्या असताना त्यांनी करवानी जातीचा कुत्रा पाहिला होता. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. तुरीच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, तो असा गेला की हातातली लसीची पेटी खाली ठेवून लिलाबाई बघत राहिल्या. पण दिवसभर घराला कुलूप असायचं. अशा घरात मुकं जनावर आणणं त्यांना पटेना. चौतीस वर्षं त्यांनी ती हौस पोटात ठेवली.

पहिला प्रयत्न फसला. फोनवर जाहिरात पाहून त्या शहरात गेल्या. विकणाऱ्यानं बसस्टँडबाहेर पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिल्लू काढलं. डोळ्यांना चिपडं, पोट टम्म.

“याची माय कुठी हाय?” लिलाबाईंनी विचारलं.

“गावाले हाय. तुमाले पिल्लू पायजे का माय?”

“मले माय अन पिल्लू दोनी पाहाचे होते,” म्हणून लिलाबाई परतीच्या बसमध्ये बसल्या.

मग मानोऱ्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी गुलाबसिंग राठोडांचं नाव सांगितलं. गुलाबसिंग तांड्यावर अस्सल करवानी पाळायचे, मादीला दोन वर्षांत एकदाच पिल्लं होऊ द्यायचे. लिलाबाईंनी फोन लावला.

“पिल्लं दीड मयन्याची हायेत,” गुलाबसिंग म्हणाले. “पाहाले या. पन आज नेता येनार नाई. दोन मयन्याची होईस्तोवर मायजवळ राह्यतीन.”

लिलाबाईंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. पुंजाजी ती पाहून मोटारसायकल पुसायला गेले.

रविवारी दोघं मोटारसायकलवर निघाले. लिलाबाईंच्या पिशवीत ताणकाटा, जुन्या लुगड्याची झोळी, वही आणि स्टीलची वाटी होती. वाटेत दोनदा त्यांनी पुंजाजींना गाडी जोरात चालवायला सांगितलं. एरवी त्या हळू चालवायला सांगत.

“जय सेवालाल,” गुलाबसिंग अंगणात उभे होते.

“जय भीम. पिल्लं कुठी हायेत?”

“अगोदर माय पाहा.”

हरणी नावाची मादी बाजेजवळ उभी होती. ती भुंकली नाही, दबलीही नाही. पुढे आली, लिलाबाईंचा हात हुंगला आणि बाजूला बसली. बाप लातूरकडचा होता. नात्यातला नर नको म्हणून गुलाबसिंग हरणीला तेवढ्या लांब घेऊन गेले होते. त्याचा फोटो आणि दोघांच्या नोंदणीचे कागद त्यांनी दाखवले.

“लसीचं कार्ड?” लिलाबाईंनी सवयीनं विचारलं.

गुलाबसिंगांच्या बायकोनं, नानीबाईनं, ते लगेच आणून दिलं. जंताच्या औषधाच्या तारखा, पहिली लस, डॉक्टरांची सही. लिलाबाईंनी कार्ड दोनदा वाचलं.

“काय झालं?” पुंजाजींनी विचारलं.

“चौतीस वर्सांत पह्यल्या मागनीले कार्ड निंगालं नवतं,” त्या म्हणाल्या.

मग नानीबाईनं पाच पिल्लं सोडली आणि लिलाबाईंच्या वयाची साठ वर्षं कुठल्या कुठे गेली. त्या थेट मातीत बसल्या. एकानं पदर ओढला, एक चपलेत शिरलं, एक धिटुकली मादी खांद्यापर्यंत चढली. हसता हसता त्यांचा चष्मा खाली पडला. तो शोधून त्यांनी एकेकाला झोळीत घालून तोललं, हिरड्या पाहिल्या, बेंबी चाचपली, कान हुंगले. पुंजाजी वहीत लिहीत गेले.

“आता मी इचारतो,” गुलाबसिंग म्हणाले. “साखळीले बांधसान का?”

“नाई.”

“घरी कोन राह्यते?”

“आमी दोघंबी. दिवसभर.”

“याले रोज पळवा लागते. पळवन कोन?”

“मी.”

गुलाबसिंगांनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. लिलाबाईंना ते झोंबलं. “भाऊ, सात गावं पायदळ केली म्या. चाला, तुमच्या तलावाले चक्कर मारू.”

दोघं निघाले. पुंजाजी आणि नानीबाई चहा घेत बसले. अर्ध्या तासानं लिलाबाई एकट्याच परत आल्या, पदर खोचलेला. गुलाबसिंग मागून धापा टाकत आले आणि बाजेवर बसले. नानीबाई इतकी हसली की तिला ठसका लागला.

“पळवतीन,” गुलाबसिंग म्हणाले.

लिलाबाईंचं मन खांद्यावर चढलेल्या धिटुकलीवर होतं. तरी पिल्लं आवाजाला भितात का ते पाहायला त्यांनी त्यांच्या मागे हळूच पिशवीतली वाटी पाडली. ठण्ण आवाज झाला. धिटुकली बाजेखाली पळाली ती बाहेर येईना. ज्वारीच्या रंगाची एक मादी, जी आतापर्यंत नुसती बघत बसली होती, दचकली, दोन पावलं मागे सरली, मग येऊन वाटी हुंगू लागली. गुलाबसिंगांनी तिला तळहातावर उताणं धरलं. तिनं थोडे हातपाय हलवले आणि निवांत पडली.

“तुमच्या गावात ढोल, ट्रॅक्टर, पोरं-सोरं,” ते म्हणाले. “तिथं हे रुळन. बाजेखालची माह्याच घरी बरी, तिले येळ लागन.”

लिलाबाईंनी बाजेखाली हात घालून धिटुकलीला कुरवाळलं, समजावलं, आणि मग ज्वारीच्या रंगाची उचलून छातीशी धरली. “हेच.”

पुढच्या आठवड्यात गुलाबसिंग न सांगता आसेगावला आले. कुंपणाची तार ओढून पाहिली, एक भोक पुंजाजींना बुजवायला लावलं, आणि जमलं नाही तर पिल्लू दुसऱ्या कोणाला न देता आपल्याकडेच आणून द्यायचं, असं लिहून घेतलं. लिलाबाईंनी इतक्या आनंदानं सही केली की पेनची रेघ कागदाबाहेर गेली.

दोन महिने पुरे झाल्यावर पिल्लू घरी आलं. तिचं नाव हवा ठेवलं. दर महिन्याच्या एक तारखेला लिलाबाई फोनवर वजन सांगतात आणि गुलाबसिंग खाणं किती, पळणं किती, ते विचारतात. हवा आता अकरा महिन्यांची आहे. सोयाबीन निघाल्यावर रिकाम्या वावरात पहाटे ती सुटते आणि नजर पोचत नाही तोच दुसऱ्या टोकाला पोचलेली असते. परवा लिलाबाई तिच्यामागे खरोखरच धावल्या. ढेकळात पाय अडकून मटकन खाली बसल्या. हवा परत फिरली, त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारून तोंड चाटू लागली.

“लागलं का व?” धुऱ्यावरून पुंजाजी ओरडले.

पुंजाजी घाबरून धावत आले, तेव्हा लिलाबाई मातीत बसून, पोट धरून हसत होत्या.