सूर्य डाव्या हाताला

वडील गेले तो गुरुवार होता. गुरुवारी ते साताऱ्याहून सांगलीला माझ्या वर्गात येत. त्या दिवशी ते आले नाहीत. दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. संध्याकाळी माहुलीला, कृष्णेच्या काठी, मी त्यांना अग्नी दिला.

मी त्यांची एकुलती एक मुलगी, त्यामुळे पाण्याचं मडकंही माझ्याच खांद्यावर आलं. मी पाऊल उचललं ते सवयीने, देवळात उचलतो तसं, चिता उजव्या हाताला ठेवून. विधी सांगणारे गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले, "तसं नाही, ताई. डाव्या हाताला ठेवा आणि चला."

मी मडकं घेऊन जागच्या जागी उभी राहिले. लोकांना वाटलं, मला रडू फुटलं. पण मी ते वाक्य ओळखलं होतं. वडील माझ्या वर्गात प्रत्येक वाढदिवसाला तेच म्हणत.

आता आधी वर्गाबद्दल सांगायला हवं.

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत माझा मॉन्टेसरी वर्ग आहे. अडीच ते सहा वर्षांची मुलं एकत्र असतात. हळदीचे सौदे सुरू झाले की आमच्या सतरंज्यांनासुद्धा हळदीचा वास येतो. मॉन्टेसरी पद्धतीत मुलाच्या हातात आधी अख्खं विश्व द्यायचं आणि मग त्याचे तुकडे. आधी सूर्य, मग पृथ्वी, मग समुद्र आणि जमीन. आपलं गाव सगळ्यात शेवटी. प्रशिक्षणाहून परत आल्यावर मी हे वडिलांना सांगितलं, तेव्हा ते आरामखुर्चीतून उठूनच बसले. त्यांनी साताऱ्याच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला होता.

"म्हणजे आम्ही सगळी वर्षं उलटं करत आलो," ते म्हणाले. "तिसरीत जिल्हा, चौथीत राज्य, मग देश. विश्वापर्यंत पोचेस्तोवर पोराला मिशा फुटतात, आणि मिशा फुटल्यावर कोण वर बघतंय!"

तेव्हापासून ते दर गुरुवारी सकाळची एसटी पकडून यायला लागले. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत पृथ्वीचा गोळा. कंडक्टर त्यांना एकदा म्हणाला होता, "गुरुजी, पृथ्वी मांडीवर घेतलीसा, तिचं हाफ तिकीट काढायचं का?" हा विनोद वडील मला दर गुरुवारी पहिल्यांदाच घडल्यासारखा सांगत.

त्यांची विश्वाच्या जन्माची गोष्ट ऐकायला मुलं दारात येऊन उभी राहत. खिडक्यांना काळी कापडं लावायची. मुलं सतरंजीवर गोल बसायची. अंधारात वडील कुजबुजायचे, "आता काहीच नाही. वर नाही, खाली नाही. सांगली नाही."

"सातारा?" कुणीतरी विचारायचं.

"सातारापण नाही."

"मग आजोबा, तुम्ही राहायचा कुठं?"

"तीच तर अडचण होती," वडील गंभीरपणे म्हणायचे.

मग एक फुगा. आत हळद आणि थोडी चमकी. टॉर्चच्या झोतात फुगा फुटायचा आणि ती पिवळी धूळ झळाळत चहूकडे पसरत राहायची. मुलांच्या केसांवर, माझ्या पुस्तकांवर, वडिलांच्या चष्म्यावर. त्यातून तारे, ताऱ्यांतून सूर्य, सूर्याच्या उरलेल्या धुळीतून आपण. पहिल्यांदा फुगा फुटला तेव्हा जतकडची एक छोटी मुलगी ताडकन उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" तिच्या घरच्यांची पूर्वी मेंढरं होती, जत्रेत भंडारा उधळताना तिने हेच पाहिलं होतं. क्षणात सगळा वर्ग चांगभलं ओरडायला लागला. वडील पिवळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाले, "अगं, विश्व जन्मलं तेव्हा एवढं तरी कुणीतरी म्हणायलाच हवं होतं." पुढे प्रत्येक वेळी चांगभलं गोष्टीचाच भाग झालं.

वाढदिवसाची पद्धत अशी. मधोमध समई लावायची, ती सूर्य. ज्याचा वाढदिवस त्याने पृथ्वीचा गोळा छातीशी धरून, जितकी वर्षं पूर्ण झाली तितक्या फेऱ्या मारायच्या. एक फेरी म्हणजे एक वर्ष. प्रत्येक फेरीला घरच्या माणसाने त्या वर्षी काय घडलं ते सांगायचं. मॉन्टेसरी वर्गांत हे सगळीकडे करतात. पण मला वाटतं, एक चूक फक्त आमच्याकडचीच मुलं करत असतील. समई दिसली की ती हात जोडायला बघायची, आणि हातात गोळा असल्यामुळे जोडता आले नाहीत तर निदान मान वाकवायची. आणि मग निघायची ती प्रदक्षिणेला निघाल्यासारखी, समई उजव्या हाताला ठेवून. पृथ्वी मात्र उत्तर ध्रुव वर धरला तर नेमकी दुसरीकडून जाते. वडील हळूच मुलाचे खांदे धरून त्याला वळवायचे आणि म्हणायचे, "सूर्य डाव्या हाताला ठेव आणि चाल."

दिवसकार्य आटोपून मी सांगलीला परत आले, ती पिशवी बरोबर घेऊन. वर्ग सुरू केला. मणी, रंगाच्या वड्या, वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. हे सगळं मला जमत होतं. गोळा मात्र मी कपाटात ठेवला.

त्याच आठवड्यात त्या चांगभलंवाल्या मुलीची आजी मला भेटायला आली. मुलीचा बाप यार्डात टेम्पो चालवतो, आई कामाला जाते, त्यामुळे नातीला आणायला-सोडायला आजी. वर्ग सुटेपर्यंत ती खिडकीबाहेरच्या व्हरांड्यात बसून असे. आधी तिने वडिलांबद्दल विचारलं, माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "बाई, राग मानू नका. गेल्या सालचा पोरीचा वाढदिवस पोरानं फोनवर दावला मला. तिला उलटं फिरवलंय तुमी."

"आजी, पृथ्वी तशीच फिरते."

"फिरंना का. ती पिरथवी हाय, ही माझी नात हाय. तसलं फिरणं मड्याभवती असतंय. ह्या वक्ताला तसं नको. न्हाईतर त्या दिवशी मी पोरीला घरीच ठेवते, आणि फुडचं तिचा बाप बघंल."

एरवी मी समजावून सांगितलं असतं. माझ्याकडे चित्रं होती, पुस्तकं होती. पण माझ्या खांद्याला अजून मडक्याचा ओलावा जाणवत होता. मला वाद घालायचाच नव्हता. खरं म्हणजे मी सुटले. मी म्हटलं, "नको तर नको, आजी. फेऱ्याच नाही घेणार. नुसते लाडू वाटू."

आजी खूश होऊन व्हरांड्यात गेली. मुलगी मात्र दारात उभी राहून ऐकत होती.

"ताई, फेऱ्या नाहीत?"

"नाहीत गं."

मग तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. "मग मी पाचची कशी होणार?"

तिच्या दृष्टीने ते साधं गणित होतं. गेल्या वर्षी चौथी फेरी पूर्ण झाली आणि वडिलांनी जाहीर केलं होतं, "आता चारची झाली!" फेरी नाही तर वर्ष नाही. सगळे मोठे होणार आणि ती एकटी चारची राहणार. दोन दिवस ती मण्यांना हात लावेना. तिच्यापेक्षा लहान मुलाला सांगताना मी ऐकलं, "तू पण माझ्यापेक्षा मोठा होशील बघ. मग माझ्यावर दादागिरी करू नको."

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ज्याचा वाढदिवस त्याने खिडकीच्या काचेवर ओल्या रंगाने सूर्य काढायचा, हाही आमचा रिवाज. मी तो विसरले होते. ती विसरली नव्हती. सकाळी मी मुलांच्या चपला लावत होते तेवढ्यात तिने स्टूल ओढलं, वाटीत पिवळा रंग घेतला आणि काचेवर भलामोठा सूर्य काढला. त्याभोवती निळं वर्तुळ, आणि वर्तुळावर पृथ्वी कुठं चालली हे दाखवणारे बाण. वडिलांनी शिकवलेले बाण, एकही चुकला नव्हता.

बाहेर व्हरांड्यात आजीने मान वर केली आणि काचेतून बघून हसली. "आता कसं! शिकवलं न्हवं का बाईंनी सरळ?"

मी आतून म्हटलं, "आजी, हे उलटंच आहे. मी पुसते."

"उलटं कुटलं? सरळ हाय की. देवाला जातो तसंच."

"उलटं आहे, आजी."

"आवं बाई, म्हातारी झाले म्हणून आंधळी न्हाई झाले! हे बघा," आणि तिने बाहेरून काचेवर बोट टेकवून बाणांच्या दिशेने फिरवलं. काचेच्या आतल्या बाजूने मीही बोट टेकवलं आणि बाणांबरोबर फिरवलं. आमची दोघींची बोटं काचेच्या दोन बाजूंनी एकमेकींना चिकटून, एकाच वर्तुळावरून, एकाच दिशेने गेली. माझी फेरी उलटी. तिची सरळ.

मुलीने स्टुलावरून उडी मारली, दारातून बाहेर धावली, आजीच्या मांडीवर चढून काचेकडे पाहिलं आणि किंचाळली. परत आत आली, परत पाहिलं. "ताई! आतून उलटं, बाहेरून सरळ!" मग काय, सगळा वर्गच सुटला. वाटाणे सांडले. अकरा-बारा मुलं आत-बाहेर, आत-बाहेर धावत होती, काचेला नाकं लावत होती, "सरळ!" "उलटं!" "सरळ!" असं ओरडत होती. एवढा आनंदी गोंगाट वडील गेल्यापासून त्या खोलीत झाला नव्हता.

मला कपाटाकडे जायला किती वेळ लागला ते आठवत नाही. मी गोळा काढला. तो आजीसमोर धरला, उत्तर ध्रुव वर, आणि स्टुलाभोवती फिरवला. "वरून बघितलं की असं दिसतं." मग मी तो स्टुलावर ठेवून जमिनीवर सरळ आडवी झाले, माझ्या वयात, साडीत, आणि मुलांना म्हटलं, "आता इथून खालून बघा." सगळी मुलं माझ्या शेजारी आडवी पडली. मुलीने गोळा उचलला आणि आमच्या डोक्यांवरून फिरवला, त्याच बाजूने. खालून ती प्रदक्षिणा होती.

आजी दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. "म्हंजे फेरा एकच," ती म्हणाली.

"हो."

"आणि वरनं कोण बघतंय, खालनं कोण, त्यावर."

"हो, आजी."

तिने काचेपाशी जाऊन वर्तुळावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुमच्या वडलांच्या येळंला मडकं तुमीच घेतलं न्हवं?"

मी मान हलवली. जमिनीवर आडवी असताना मान हलवणं विचित्र वाटतं.

"मग तिकडनं त्यास्नी सरळच दिसलं असंल की." एवढंच म्हणून ती नातीकडे वळली. "आणि तू गं, भवाने, उद्या दणादणा चालू नको. पिरथवी पडंल."

दुसऱ्या दिवशी समई लावली. मुलीने नवा परकर घातला होता. तिने गोळा छातीशी धरला आणि थांबली. ते वाक्य आता मला म्हणायचं होतं. मी तिचे खांदे धरले, तिला वळवलं आणि म्हटलं, "सूर्य डाव्या हाताला ठेव आणि चाल."

ती निघाली.

पहिल्या फेरीला आजीने सांगितलं, "ह्या साली लय रडली. सगळ्या आळीला झोपू दिलं न्हाई." दुसरीला, "शेरडाचं दूध प्याली आणि शेरडासारखी उड्या मारायला लागली." तिसरीला, "जतास्नं सांगलीला आली. गाडीत चार येळा वकली." मुलं हसून लोळत होती. चौथीला, "शाळंला आली. आजोबा भेटलं." पाचव्या फेरीला आजी नातीच्या पावलांकडेच बघत होती. मुलगी पावलं मोजून टाकत होती, गोळ्याला हनुवटी टेकवून. फेरी पूर्ण झाली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं.

"पाचची झाली!" मी जाहीर केलं.

सगळा वर्ग एका दमात ओरडला. चांगभलं.

आता गुरुवारची गोष्ट मी सांगते. खिडकीवरचा सूर्य पुसून तिथे दुसऱ्या मुलांचे सूर्य आले. वडिलांचा पृथ्वीचा गोळा सांगलीत, वर्गातल्या खालच्या फळीवर असतो, मुलांचा हात पोचेल तिथे.