वाळूच्या टोकाचा माणूस

वाळूकाकांचा अर्धा जन्म ड्रॅग शर्यतींत गेला, पण एकही शर्यत सुरू होताना त्यांनी पाहिली नव्हती. हे ऐकून लोक हसतात. हसू देत बापडे. पाव मैलाची सरळसोट पट्टी. तिच्या एका टोकाला दिव्यांचा खांब, प्रेक्षकांचे बाक, टायरांचा धूर, गलका, शिट्ट्या. दुसऱ्या टोकाला, जिथे गाड्या थांबायला हव्यात तिथे, वाळूचा लांबलचक खड्डा. त्या खड्ड्यापाशी काका उभे. हिरवा दिवा लागला की दोन गाड्या शेजारीशेजारी सुटतात, पापणी लवते न लवते तोच शेवटची रेषा ओलांडतात, मग गाडीच्या मागे बांधलेली पॅराशूटची छत्री फाडकन उघडते आणि वेग उतरतो. छत्री उघडली नाही तर गाडी वाळूत घुसते. जिंकणं, हरणं, टाळ्या, फोटो, सगळं पलीकडे. काकांच्या टोकाला एकच प्रश्न असायचा, थांबली की नाही.

पोटापाण्याला ते बसच्या कारखान्यात ब्रेक जोडायचे. सुट्टीच्या दिवशी वाळू. त्यांची बायको म्हणायची, आमच्या माणसाचा सगळा जन्म दुसऱ्यांना थांबवण्यात गेला, मला बाजारात जाताना मात्र एकदाही म्हणाले नाहीत, थांब, मी येतो. बोलण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण शर्यतीच्या दिवशी ती बहिणीकडे जाऊन बसायची आणि काका घरी पोचल्याचा फोन आल्याशिवाय परतायची नाही.

एका वर्षी पट्टीचा मोठा वाढदिवस होता, म्हणून क्लबवाल्यांनी जुन्या माणसांना उपाहारगृहात गोळा केलं आणि प्रत्येकाला आपली आवडती आठवण सांगायला लावली. म्हाताऱ्यांना तेवढंच हवं असतं. कुणी ती धुक्यातली शर्यत काढली. साडू साडू समोरासमोर, दोघांनी रेषा एकदमच ओलांडली, निकाल काही केल्या लागेना आणि त्यांच्या बायका बाकांवर बसून भांडल्या. सगळे पोट धरून हसले. काका म्हणाले, हो, त्या दिवशी डावीकडच्याची छत्री पिशवीतच अडकली होती. मग कुणी नर्सबाईंची गोष्ट सांगितली. रात्रपाळी करून थेट पट्टीवर आल्या आणि भल्याभल्या मिशीवाल्यांना पाणी पाजून गेल्या. या पट्टीवर बाईमाणसाने जिंकलेली ती पहिली शर्यत. काका म्हणाले, रेषेपुढे त्यांचं मागचं चाक निखळलं, त्यांच्याआधी ते चाकच माझ्यापर्यंत आलं. तेव्हा सूत्रसंचालक वैतागून म्हणाला, काका, तुम्ही गोड पदार्थात खडा शोधायलाच येता का? काका ओशाळले. त्यांचा नाइलाज होता. त्यांनी प्रत्येक शर्यत समोरून अंगावर येताना पाहिली होती.

तिसरी आठवण भिंतीवर फोटोच्या रूपाने टांगलेली होती. तिला गावभर 'पेंटरची आग' म्हणत. बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरने पट्टीवरचा विक्रम मोडला आणि त्याच क्षणी त्याचं इंजिन फुटून ज्वाळा वर गेल्या. फोटो फार सुरेख आहे. लोक त्याच्यापुढे उभं राहून आपले फोटो काढून घेतात. काका त्या भिंतीकडे पाठ करून जेवतात.

कारण फोटोत दिसते ती आग विझल्यावरची गोष्ट फोटोत नाही. या गाड्या मिथेनॉल नावाच्या इंधनावर धावतात, आणि मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. तेलाने पेटलेला भडका विझला, गाडी वाळूत उभी राहिली, धूर नाही, जाळ नाही, आणि आत पेंटर ओरडत होता. त्याचा सख्खा भाऊ त्या दिवशी वाळूपाशीच कामाला होता. तो रडत धावला आणि त्याने दार धरलं. त्याचे दोन्ही हात धरल्या जागीच भाजले, कारण जिथे त्याला नुसती हवा दिसत होती तिथे आग होती. भावाला ओढून बाजूला काढण्यात वेळ गेला, आणि पेंटर वाचला नाही.

त्यानंतर काकांनी दोन नियम केले. पहिला, वाळूतल्या गाडीजवळ जायचं ते लांब दांड्याचा झाडू पुढे धरून. झाडूचे हीर जळायला लागले की समजायचं, इथे आग आहे. गाडीभोवती पूर्ण फेरी झाली, चालकाने हात वर केला, की मगच वॉकीटॉकीवर सुरुवातीच्या टोकाला दोन्ही गाड्यांसाठी मिळून एकच शब्द सांगायचा: "थांबल्या." तोवर हूं की चूं करायचं नाही, आणि तिकडून कुणी विचारायचं नाही. घाईने 'ठीक आहे' म्हणावं आणि ते ठीक नसावं, यापेक्षा उशीर परवडला. नवे लोक झाडू पाहून खिदळायचे, काका झाडलोट करायला आले म्हणायचे. एकदा हीर पेटलेले पाहिले की खिदळणं बंद व्हायचं. दुसरा नियम, आपलं रक्ताचं माणूस गाडीत असेल त्या दिवशी वाळूपाशी उभं राहायचं नाही. नियम करताना काकांना तो फार शहाणपणाचा वाटला होता.

आता धाकटीकडे येऊ. काकांची थोरली मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. धाकटी लिफ्ट दुरुस्त करायची. लहानपणी काका तिला पट्टीवर आणायचे, पण वाळूकडे कधी फिरकू दिलं नाही. ती पलीकडे बाकांवर बसायची. म्हणजे एकाच घरात जेवणाऱ्या दोघांपैकी हिच्या सगळ्या आठवणी सुरुवातीच्या आणि यांच्या सगळ्या शेवटाच्या. ती ताटावर बसून पाण्यात फिरवून तापवलेल्या टायरांचा वास, दिवे एकेक करून खाली उतरत येतात तेव्हा पोटात होणारी गुदगुली, हे सगळं सांगायची आणि काका म्हणायचे, आधी जेव. मैत्रिणींबरोबर ती गाडी बांधते आहे हे त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं. बायकोला आधीच माहीत होतं. घरात नवऱ्याला शेवटी कळतं, त्यात नवल काही नाही. काकांनी विरोध केला नाही. कोणत्या तोंडाने करणार? त्यांनी फक्त तिच्या गाडीचे ब्रेक खोलून पुन्हा जोडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खोलले.

तिच्या पहिल्या शर्यतीच्या दिवशी काका सकाळीच वाळूपाशी जाऊन उभे राहिले. तिथे त्यांचा जोडीदार मुक्या होता. मुका नव्हता तो, बोलायचा कंटाळा. काकांनी त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा काढल्या, वाळू कोरडी आहे का पाहिलं, झाडू उचलून दुसरीकडे ठेवला. मग म्हणाले, आजच्यापुरता मी इथेच थांबतो, कुणाला कळणार आहे? मुक्याने झाडू त्यांच्या हातातून काढून घेतला.

"नियम तुमचाच आहे," तो म्हणाला.

पट्टीच्या कडेने काका सुरुवातीकडे चालत निघाले. लोक हाका मारत होते, वाळूकाका इकडे कुठे वाट चुकले म्हणत होते. दिव्यांच्या खांबामागे एक लोखंडी कठडा होता. गाडीतल्या माणसांच्या घरच्यांनी तिथे उभं राहायचं असतं, हे काकांना त्या दिवशी कळलं. कठड्यापाशी एक म्हातारी होती, पंक्चरवाल्याची आई. तिचा मुलगा पट्टीवर जुना, प्रत्येक मोसमात धावणारा. आजही त्याची पाळी पुढे होती. तिने काकांकडे पाहिलं आणि ओळखलं.

धाकटी आली. हेल्मेटमधून नुसते डोळे दिसत होते, तेही इकडे बघत नव्हते. टायर पाण्यात फिरले, पांढरा धूर कठड्यावर आला, जमीन थरथरली. काकांना हा आवाज माहीत होता, पण लांबून येणारा. जवळून तो छातीच्या आत शिरत होता. दिवे उतरले. हिरवा लागला. आणि गाडी नव्हतीच तिथे. इतकं झटकन की काकांचा हात आपोआप पुढे गेला, पोराला रस्त्यावरून मागे ओढताना जातो तसा, आणि रिकामाच राहिला.

लांब, अगदी लांब, एक छत्री उघडलेली दिसली. एकच. मग वाळूच्या टोकाला धुळीचा लोट उठला.

त्यानंतर काहीच झालं नाही. हेच काकांना ठाऊक नव्हतं. वाळूपाशी असताना त्यानंतरच तर सगळं व्हायचं. धावायचं, झाडू धरायचा, फेरी मारायची, हाताला काम असायचं, भीतीला बसायला जागाच नसायची. इथे धुरळा आणि खांबाशेजारच्या माणसाच्या हातातला गप्प वॉकीटॉकी. काकांना माहीत होतं मुक्या काय करत असणार. आता तो नाकाकडून येत असेल. आता डाव्या बाजूला. आता झाडू खिडकीपाशी नेला असेल. आणि हीर? त्यांच्या डोळ्यांपुढे हीर पेटले, विझले, पुन्हा पेटले. उन्हात काहीही न दिसणारी जागा दिसायला लागली. हरलेली असू दे, ते मनात म्हणत होते. गाडी मोडू दे, छत्री फाटू दे, तिला पुन्हा कधी आत बसावंसं वाटू नये इतकी हरू दे, फक्त बाहेर येऊ दे.

शेवटी त्यांनी तो वॉकीटॉकी खांबाशेजारच्या माणसाच्या हातातून हिसकावला.

"मुक्या, बोल रे. काहीतरी बोल."

पलीकडून उत्तर आलं नाही. मुक्या नियमाला पक्का होता, काकांनीच त्याला तयार केलं होतं. खांबाशेजारच्या माणसाने हळूच वॉकीटॉकी परत घेतला. काकांनी कठडा धरला. पंक्चरवाल्याची आई शेजारीच होती.

"नेहमी इतकाच वेळ लागतो?" काकांनी विचारलं.

"तिकडे तू उभा असतोस तेव्हा जास्त लागतो," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस किती पडला हे सांगावं तसं तिने सांगितलं.

इतकी वर्षं प्रत्येक शर्यतीनंतर या कठड्यापाशी कुणी ना कुणी असंच उभं होतं, आणि ही शांतता त्यांच्याकडून येत होती. नियम चुकीचा नव्हता. आजही त्यांनी तोच केला असता. पण तो काय असतो हे त्यांना वाळूच्या टोकावरून कधी दिसलं नव्हतं, आणि आता दिसल्यावर त्यांना त्या म्हातारीच्या तोंडाकडे पाहवेना.

"थांबल्या," वॉकीटॉकी म्हणाला.

मग टाळ्या पडल्या, कारण ध्वनिक्षेपकावर निकाल आला होता. काकांनी तो ऐकलाच नाही. ते कठड्याला टेकून खाली बसले आणि चष्मा पुसत राहिले. छत्रीला पीळ पडला होता, ती अर्धीच उघडली, गाडीने वाळूत नुसतं नाक खुपसलं, एवढंच झालं होतं. मैत्रिणी गाडी ओढत परत घेऊन आल्या तेव्हा धाकटी चालत पुढे होती, केस घामाने चिकटलेले, चेहरा लालबुंद.

"बाबा, जिंकले मी."

"हो," काका म्हणाले.

तिने त्यांचा चेहरा न्याहाळला. "तुम्हाला आनंद नाही झाला."

काकांना खोटं बोलता आलं असतं. बाप बोलतातच. "नाही," ते म्हणाले. "मी म्हणत होतो, हरू दे हिला. हरलीस की घरी येशील."

धाकटीने मान खाली घातली. हातातला हातमोजा तिने उलटा केला, सरळ केला. मग म्हणाली, "जिंकलं की पुन्हा धावावं लागतं, बाबा. पुढची फेरी आहे. जेवणानंतर."

हे काकांना ठाऊक नसेल असं थोडंच आहे? जिंकणारा पुढच्या फेरीत जातो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण वाळूपाशी कोण जिंकलं याच्याशी त्यांना कधी कर्तव्यच नव्हतं, म्हणून आत्तापर्यंत ते त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी हात जोडून विनवलं असतं तर ती कदाचित थांबली असती. तीही त्यांच्याकडे अशी बघत होती की ते विनवतील याचीच तिला भीती वाटत असावी.

मैत्रिणींनी गाडीतली वाळू झाडली, छत्री नीट घडी घालून पिशवीत भरली. काकांनी ती घडी स्वतः पाहिली, पीळ पडू शकेल अशी जागा बोटाने दाखवली, पुन्हा घालायला लावली. तिची पाळी आली तेव्हा ती आत बसली आणि काका वाकून तिचे पट्टे आवळायला लागले. ब्रेक जोडणाऱ्या हातांना आज बक्कल सापडेना. तिने त्यांच्या हातांवर हात ठेवून ते बक्कलपाशी नेले.

"घट्ट होतायत का?" त्यांनी विचारलं.

"अजून," ती म्हणाली.

काकांनी अजून ओढले. तिचं हेल्मेट सरळ केलं. दार लावलं, ते लागलं का हे हाताने ढकलून पाहिलं, आणि मागे सरकत सरकत कठड्यापर्यंत आले. पंक्चरवाल्याच्या आईने कठड्यावरचा आपला हात जरा बाजूला घेऊन त्यांना जागा करून दिली.