मेथी निवडणारे हात

मंदा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिचीच वाट पाहत होते. रविवार होता. दर रविवारी ती सकाळच्या एसटीनं गंगापूरहून यायची, शेतातली मेथी घेऊन, आणि त्याच पिशवीत नवा लेख. "ताई, मंदा गेली... झोपेतच," तिचा नवरा दिनकरराव एवढंच बोलू शकले. माझी पाठची बहीण. महिना उलटला, रडून झालं, पण एक गोष्ट काही जात नाही. तिचा हेवा.

दहाव्याला खुलताबादहून एक अनोळखी बाई आल्या. माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनं माझ्याच आईवर लिवलं व्हतं हो." मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. माझं लिखाण वाचून गल्लीच्या कोपऱ्यावरूनसुद्धा कधी कुणी आलं नाही.

तिची लिहायची रीत अजब होती. मला समोर मेथी निवडायला बसवायची आणि लेख वाचायची. डोळे कागदावर कमी, माझ्या हातांवर जास्त. हात थांबले की तिथं पेन्सिलीनं खूण, आणि भराभर चालत राहिले की तो मजकूर बाद. "अगं, मला तोंडानं विचार ना, कसं झालंय ते," मी म्हणायची. तर म्हणे, "तुझं तोंड मास्तरीणबाईचं हाय, ताई. हात खोटं नाय बोलत."

आईवरच्या लेखानं तिचं नाव झालं. आई शेवटची वर्षं माझ्याकडे होती, सिडकोतल्या घरात. तिला काही आठवेनासं झालं होतं. आंघोळ, कपडे, अंथरूण, सगळं मी केलं. उशीखाली ती भाकरीचे तुकडे लपवायची, त्यांना मुंग्या लागायच्या, आणि मी चरफडत झाडून काढायची. मीही आईवर लिहिलंच, जीवनाची सांजवेळ वगैरे... ते साभार परत आलं. मंदा आठवड्यातून एकदा यायची, पाहुणीसारखी. तिचं मात्र छापून आलं. कष्ट माझे, लेख तिचा!

तो लेख तिनं असाच मेथी निवडताना वाचला होता. त्यात होतं, एकदा मी स्वयंपाकघरात असताना तिनं आईला सहज विचारलं होतं, "ही भाकर कुणासाठी गं?" आई म्हणाली होती, "थोरलीसाठी. साळंतून भुकेली येती." थोरली म्हणजे मी. माझे हात थांबले. मंदानं खूण केली.

रडू यायच्या आधी मला राग आला. माझ्यासाठी ठेवलेली भाकरी, आणि सापडली हिला! "राबते मी, अन् दिसतं सगळं तुलाच कसं?" मी ओरडलेच. मंदा काड्या गोळा करत म्हणाली, "भाकर तुला ठिवली व्हती, ताई. माझं तर नावबी आठवत नव्हतं तिला. मी काय कमी जळले?" हे तिनं लेखात घातलं नाही. का, ते विचारलं तर नुसती हसली. तरी माझं जळणं काही कमी झालं नाही. ती जळली तर त्याचा लेख झाला, मी जळले तर नुसता धूर.

आता तिचे लेख छापणाऱ्या वर्तमानपत्राच्या पुरवणीनं मला तिच्यावर लिहायला सांगितलंय. म्हणजे माझं छापून येणार, तेही ती गेली म्हणून.

परवाच्या रविवारी दिनकरराव मेथी घेऊन आले. "ती आणायची, म्हणून..." म्हणाले. मी त्यांच्यापुढे परात ठेवली आणि इथवरचं सगळं वाचून दाखवलं. त्यांचे हात चालत राहिले. त्यांच्या फोनशी थांबले नाहीत, उशीखालच्या भाकरीशीही नाहीत. "माझं तर नावबी आठवत नव्हतं तिला," इथं थांबले. हातातली काडी तशीच राहिली. मी पेन्सिलीनं खूण केली.

माझ्या लेखात हात थांबले, ते तिच्या वाक्याला. तिच्या रीतीनं बाकीचं सगळं काढून टाकायला हवं. काढलेलं नाही. थोरली आहे मी, एवढं तरी तिचं ऐकणार नाही.