सूर्याचं लाकूड

सूर्याच्या प्रकृतीची काळजी करणारा माणूस अख्ख्या पेण तालुक्यात एकच होता, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. वडखळच्या पलीकडे खाडीकाठी त्यांचं गाव, पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबणारं घर. सूर्याला ते 'मालक' म्हणत. सकाळी चूळ भरायच्या आधी कपाळावर आडवा हात धरून मालकाला न्याहाळायचं आणि डॉक्टरच्या थाटात सांगायचं, "आज जरा पिवला हाय." पावसाळ्यात मालक रजेवर, म्हणून हेही रजेवर. माझी बायको म्हणते, आमच्या परीक्षांची बाबांनी कधी चौकशी केली नाही, पण ऐन उन्हाळ्यात ढग आला की त्यांना जेवण जात नसे.

पंचाण्णवच्या दिवाळीत मी सासरी होतो आणि नेमकं सूर्यग्रहण आलं. ग्रहण सुटलं, आंघोळी झाल्या, फराळाला बसलो, तरी सासऱ्यांचा चेहरा उतरलेलाच. मी धाटावच्या एका कंपनीत केमिस्ट, तेव्हा विज्ञानाचा मक्ता घरात माझ्याकडे. म्हटलं, "काळजी करू नका. खरा विझायला अजून पाचशे कोटी वर्षं आहेत. आधी तो फुगेल, चांगला मोठा होईल, आणि मग संपेल." एवढं सांगून मी चकली मोडली. सासऱ्यांनी ताटली बाजूला सारली.

"फुगंल? नक्की?"

"नक्की."

"आन मंग आपल्या मिठागराचं काय?"

मी इतका हसलो की सासूबाई चुलीपासून उठून बाहेर आल्या. त्यांना धाप लागली होती. मला वाटलं, धुरानं असेल.

महिन्याभरानं ते एसटीनं रोह्याला आले आणि थेट धाटावला कंपनीच्या गेटवर हजर झाले. मी शिफ्टवर. वॉचमननं आत निरोप पाठवला, "तुमचे सासरे आलेत, कोणा सूर्याचं काम आहे म्हणतात." कोण हा सूर्या, म्हणून दोघा सहकाऱ्यांनी माझी चौकशीही केली. बाहेर आलो तर सासरे उन्हात उभे. "जावयबापू, मोठा झाला की संपतो बोललाव ना? त्यावर काय औषद नाय?"

मी कुठंसं वाचलेलं सांगून टाकलं. जड तारा भराभर जळून जातो, हलका मंद जळतो. सूर्याचा भार थोडा थोडा काढून घेता आला तर तो जास्त टिकेल. पण एवढ्या लांब जाऊन काढणार कोण?

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "म्हंजे लाकूड मागं घ्यायचं!"

भाताला उकळी आली की त्यांच्याकडे जळतं लाकूड वीतभर मागं ओढतात. जाळ उतरतो, आणि तेच लाकूड संध्याकाळलाही पुरतं. जे समजायला मला दोनदा वाचावं लागलं होतं, ते त्यांना उभ्या उभ्या कळलं. चहा पिऊन ते आल्या वाटेनं निघून गेले.

खरी गोष्ट पुढच्या आठवड्यात बायको माहेरी जाऊन आली तेव्हा कळली. सासूबाईंचे पाय सुजले होते. पेणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, यांचं हृदय मोठं झालंय, एखादा पावसाळा काढतील. 'मोठं झालंय' हे ऐकलं आणि सासऱ्यांना माझा फुगणारा सूर्य आठवला. मला माझ्या त्या हसण्याची फार लाज वाटली.

त्यांनी मग खरंच भार काढायला घेतला. आधी पाण्याचा हंडा, मग सरपण, मग बाजार, शेवटी चूलसुद्धा. विहिरीवरच्या बायका सासूबाईंना चिडवत, "काय गो, सून आणलीस का नवरा?" सासूबाई करवादायच्या, "मना काय मेली समजता?" सासरे हंडा उतरवत म्हणायचे, "नाय गो, लाकूड मागं घेतो." भात बऱ्याचदा करपायचा. करपलेला ते स्वतःच्या ताटात घेत.

सासूबाई गेल्या त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मिठागराच्या बांधावर बसलो होतो. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही खूप केलंत."

"डाक्तर एक पावसाला बोललेला. तीन काढलं तिनं." मग सवयीनं कपाळावर आडवा हात गेला. मालकाकडे ते बराच वेळ बघत राहिले. "येवढा मोठा मालक, पन त्याचा लाकूड मागं घेनारा कोनी नाय."

मग ते उठले. घरी चुलीवर भात होता.